घरात नवीन पिल्लू: पुण्यातल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लॅटमध्ये पहिल्यांदाच कुत्र्याचं पिल्लू आणणाऱ्यांना पडणारे नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भर पहिल्या दोन-तीन महिन्यांवर आहे. पिल्लं आजारी पडतात ती जास्त करून याच काळात, आणि बरेचदा घरच्यांच्या हौसेपायी: जास्त खाणं, जास्त पाहुणे, जास्त मिरवणं. औषधांचे डोस मुद्दाम दिलेले नाहीत. ते वजनावर ठरतात आणि दोन किलोच्या जिवाला अंदाजाने औषध देण्यात फार धोका असतो.

विकणारा म्हणतो, "४५ दिवसांचं झालंय, घेऊन जा." न्यावं का?

नको. ८ आठवडे, म्हणजे ५६ दिवस पूर्ण होऊ द्या. कुत्र्यांच्या पैदास आणि विक्रीसंबंधीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार त्याआधी पिल्लू विकताच येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी सहाव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू भावंडांशी मस्ती करताना एक महत्त्वाची गोष्ट शिकतं: जोरात चावलं की समोरचा ओरडतो आणि खेळ थांबतो. हे न शिकता आलेली पिल्लं पुढे घरातल्यांचे हात फोडतात.

घेताना आई बघायला मागा. पिल्लाचे डोळे, नाक स्वच्छ हवेत, हिरड्या गुलाबी हव्यात, शेपटीखाली शी चिकटलेली नसावी. अंग किडकिडीत आणि पोट टम्म असेल तर ते बाळसं नाही, जंत आहेत. लसीचं कार्ड उघडून बघा. लसीच्या बाटलीवरचं स्टिकर, तारीख आणि डॉक्टरांची सही असेल तरच लस झाली असं धरा. नुसत्या शिक्क्यांच्या कार्डाला काही अर्थ नाही.

सोसायटीच्या पार्किंगमधलं देशी पिल्लू घरी घेतलं तर?

उत्तम. देशी कुत्र्याला पुण्याची हवा मानवते. पण आई आसपास असेल तर ८ आठवड्यांपर्यंत पिल्लू तिच्याजवळच राहू द्या आणि तोवर आईला खायला घाला. घरी आणलं की त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. घरात आधीचं कुत्रं असेल तर दोन आठवडे दोघांना वेगळं ठेवा, भांडीसुद्धा वेगळी.

पहिल्या दिवसाची तयारी काय?

अख्खं घर एकदम उघडं सोडू नका. एक खोली किंवा हॉलचा एक कोपरा पुरे. हल्लीच्या गुळगुळीत टाइल्सवर पिल्लाचे मागचे पाय फाकतात आणि वाढत्या सांध्यांवर ताण येतो, म्हणून त्याच्या वावरण्याच्या जागी रबरी मॅट किंवा जुनी सतरंजी अंथरा. बाल्कनीच्या गजांतून डोकं जात असेल तर खालच्या दोन फुटांना जाळी बांधा. चार्जरच्या वायरी उचलून ठेवा. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, उंदराचं औषध, कुंडीतली कण्हेर आणि डिफेनबेकिया पिल्लाच्या वाटेतून हलवा.

आणि शेजारच्या मुलांना चार दिवसांनी बोलवा. पिल्लू दिवसाचे १८ ते २० तास झोपतं. हातोहात फिरणारं पिल्लू झोपत नाही, मग चिडतं, चावतं, खाणं सोडतं.

रात्रभर रडतं. तसंच रडू द्यावं का?

काहीजण "सवय होईल" म्हणून दार लावून घेतात. आम्हाला ते पटत नाही. कालपर्यंत भावंडांच्या ढिगात झोपणारं पिल्लू आहे ते, आणि एकटेपणाची धास्ती एकदा बसली की महिनोन्‌महिने निघत नाही. पहिले आठ-दहा दिवस त्याची पेटी किंवा खोकं तुमच्या पलंगाशेजारी ठेवा. रडलं तर हात खाली सोडा, वास आला की बहुतेक वेळा गप्प होतं. रात्री दोन-तीनच्या सुमारास खरोखर शू लागते. तेव्हा दिवा मंद ठेवून, न बोलता, न खेळवता जागेवर न्या आणि परत आणा. पिल्लू निवांत झोपायला लागलं की पेटी रोज हातभर दाराकडे सरकवत न्या.

डिसेंबर-जानेवारीत पुण्याची रात्र १० अंशांच्या आसपास उतरते. त्या दिवसांत फरशीवर नुसती चादर पुरत नाही, खाली गोणपाट किंवा जाड गोधडी हवी.

आजी म्हणते, दूध-पोळीवर कुत्री वाढतातच की. चालेल का?

वाढतात, पण नीट वाढत नाहीत. गाई-म्हशीच्या दुधातली साखर बऱ्याच पिल्लांना पचत नाही आणि जुलाब लागतात. पोळीत पिठूळपणा भरपूर, प्रथिनं आणि कॅल्शियम तुटपुंजं. तीन महिने दूध-पोळीवर काढलेल्या पिल्लाचे पुढचे पाय बाहेर वाकलेले आणि पंजे पसरट झालेले दिसतात. दह्याचा एखादा चमचा किंवा पातळ ताक मात्र सहसा मानवतं.

पहिले चार-पाच दिवस पिल्लू आधी जे खात होतं तेच द्या. नंतर नवीन खाणं पाव हिस्सा, अर्धं, पाऊण असं करत आठवड्याभरात बदला. एकदम बदललेलं खाणं हे पहिल्या आठवड्यातल्या जुलाबांचं फार नेहमीचं कारण आहे.

तीन महिन्यांपर्यंत दिवसातून ४ वेळा, सहा महिन्यांपर्यंत ३ वेळा, पुढे २ वेळा. तयार कोरडं खाणं असेल तर पाकिटावर "पपी" लिहिलेलंच घ्या. चार किलोच्या, आठ-दहा आठवड्यांच्या पिल्लाला दिवसभरात साधारण १५० ग्रॅम लागतं, म्हणजे एका वेळी ४० ग्रॅमच्या आत-बाहेर. पाकिटावरचा तक्ता आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा, वाटीचा अंदाज हमखास चुकतो. कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून द्या. वाटी १५ मिनिटांनी उचला, संपलेली असो वा नसो. पाणी मात्र कायम समोर हवं.

प्रमाण बरोबर आहे की नाही हे बरगड्या सांगतात. बोटांनी चाचपल्यावर त्या लागल्या पाहिजेत, लांबून मोजता येता कामा नयेत. गोल गरगरीत लॅब्राडोर पिल्लू फोटोत गोड दिसतं, पुढे कंबरेच्या सांध्यांना ते महागात पडतं.

घरचंच करायचं असेल तर भात, उकडलेलं चिकन किंवा अंडं, दुधी, गाजर, लाल भोपळा, सगळं बिनमसाल्याचं. शाकाहारी घरात अंडंही चालत नसेल तर सरळ तयार खाणं द्या. नुसत्या वरणभात-पनीरवर वाढतं पिल्लू पोसणं कठीण आहे.

कॅल्शियमचं सिरप द्यावं ना?

पपी फूड खात असेल तर नाही. त्यात हिशेबाने घातलेलं असतंच. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा थोराड जातींच्या पिल्लांना जादा कॅल्शियमने हाडं वेडीवाकडी वाढण्याचा धोका असतो, कारण लहान वयात शरीराला नको असलेलं कॅल्शियम बाहेर टाकता येत नाही. घरचं जेवण देत असाल तर मात्र पूरक लागतं, किती ते डॉक्टर ठरवतील.

काय अजिबात देऊ नये?

चॉकलेट आणि कॉफी सगळ्यांना माहीत असतं. मराठी घरात खरी गडबड होते ती कांदा-लसणाने आणि बेदाण्यांनी. कांद्याने तांबड्या रक्तपेशी फुटतात, मग तो कच्चा असो, पोह्यातला असो की रश्शात शिजून विरघळलेला. रस्सा पाण्याने धुऊन चिकनचे तुकडे दिले तरी कांद्याचा अंश राहतो. द्राक्षं, मनुका, बेदाणे काही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी करतात आणि किती खाल्ल्यावर, हे आधी सांगता येत नाही. त्यामुळे दिवाळीत रव्याच्या लाडवांचा डबा खाली राहता कामा नये. बिनसाखरेच्या च्युइंगगममधलं झायलिटॉल (साखरेऐवजी घातलेला गोडवा) तर थोडंसुद्धा घातक. शिजवलेली हाडं टोकदार तुटून आतड्यात रुततात.

ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी अर्धी करून देणं हा तर सरळ विषप्रयोग आहे.

लसी कोणत्या आणि केव्हा? तीच लस पुन्हा पुन्हा का?

पिल्लाला आईच्या पहिल्या दुधातून तयार प्रतिकारशक्ती मिळते. ती अंगात असेपर्यंत लसही निकामी करते, आणि नेमकी कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं, कधी ८ आठवड्यांत, कधी १४. म्हणून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने डोस देत जावं लागतं, म्हणजे त्यातला एक तरी लागू पडतो. "दोन झाले, आता पुरे" म्हणून थांबलेल्या पिल्लांना पार्व्हो (उलट्या आणि रक्ताचे जुलाब लावणारा विषाणूजन्य आजार) होतो तो यामुळे.

ढोबळ वेळापत्रक असं:

६ ते ८ आठवडे: पार्व्हो आणि डिस्टेंपर (ताप, झटके आणणारा विषाणूजन्य आजार) यांचा पहिला डोस.
१० ते १२ आठवडे: एकत्रित लस (एकाच सुईत अनेक आजारांवरची), लेप्टोसह (लेप्टोस्पायरोसिस, यकृत-मूत्रपिंडांचा जिवाणूजन्य आजार).
१२ आठवडे पूर्ण झाल्यावर: रेबीज.
१४ ते १६ आठवडे: एकत्रित लसीचा पुढचा डोस. शेवटचा डोस १६ आठवडे पूर्ण होण्याआधी झाला असेल तर आणखी एक घ्या.
वर्षाने: सगळ्यांचे बूस्टर.

रेबीजचा दुसरा डोस काही डॉक्टर तीन-चार आठवड्यांनी देतात, आपल्याकडच्या परिस्थितीत ते योग्यच आहे. लेप्टो पुण्यात टाळू नका. तो उंदरांच्या मुतातून पसरतो आणि पावसाळ्यात पार्किंगमधल्या डबक्यांतलं पाणी पिल्लू चाटतंच.

लस २ ते ८ अंशांत राहिली तरच टिकते. दुकानातून स्वस्तात आणून पिशवीतून दवाखान्यात नेण्यापेक्षा डॉक्टरांच्या फ्रिजमधलीच घ्या. लसीच्या दिवशी पिल्लू खात-पीत असलं पाहिजे. जुलाब असतील तर तारीख पुढे ढकला. संध्याकाळपर्यंत थोडी मरगळ, सुई टोचल्या जागी छोटी गाठ हे चालतं. तोंड सुजलं किंवा अंगावर गांधी उठल्या तर तसेच परत दवाखान्यात जा.

खासगी दवाखाना परवडत नसेल तर औंधचं सरकारी पशुवैद्यकीय चिकित्सालय आहे. सकाळी लवकर जा.

मग तोवर चार महिने घरात कोंडायचं का?

मुळीच नाही. जमिनीवर ठेवायचं नाही, एवढंच. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो आणि बुटांबरोबरही घरी येतो, म्हणून चपला दाराबाहेर. पण साधारण १४ आठवड्यांपर्यंत पिल्लू जे बघतं, ऐकतं त्याची त्याला पुढे भीती वाटत नाही, आणि ही खिडकी पुन्हा उघडत नाही. त्यामुळे कडेवर किंवा पिशवीत घालून रोज १५-२० मिनिटं बाहेर न्या. पीएमपीची बस, रिक्षा, हेल्मेटवाला माणूस, काठीवाले आजोबा, भाजीची हातगाडी, लिफ्टचा आवाज, सगळं लांबून दाखवा आणि दाखवताना तोंडात खाऊ टाका. लसी झालेल्या, ओळखीच्या कुत्र्याशी घरात भेट चालते. तळजाई, वेताळ टेकडी, नदीकाठ मात्र शेवटच्या डोसानंतर दोन आठवड्यांनी.

घरात आधीचं पिल्लू पार्व्होने गेलं असेल तर नवीन पिल्लू लसी पूर्ण झालेलंच आणा. फरशी साबणाने धुऊन मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं मिश्रण दहा मिनिटं ओलं राहू द्या आणि धुऊन टाका. साध्या फिनेलने तो विषाणू मरत नाही.

शी-शूची सवय कशी लावायची?

वेळ पाळली की लागते, ओरडून लागत नाही. झोपेतून उठल्यावर लगेच, खाल्ल्यावर ५ ते २० मिनिटांत आणि खेळ संपला की, या तीन वेळांना पिल्लाला उचलून ठरलेल्या जागी ठेवा. मधल्या वेळात दर तासाला. दोन महिन्यांचं पिल्लू जागेपणी फार तर दोन तास रोखू शकतं, तीन महिन्यांचं तीन.

जागा एकच ठेवा, बाथरूमचा कोपरा किंवा कोरडी बाल्कनी. वर्तमानपत्राचे सात-आठ पदर पसरा. बदलताना वापरलेल्या कागदाचा तळहाताएवढा तुकडा नव्या कागदांखाली सरकवा, म्हणजे वास त्याला जागा दाखवतो. झाल्या झाल्या, तिथल्या तिथे, खाऊ द्या. घरात येऊन डब्यातून काढून दिलेला खाऊ घरात येण्याबद्दल मिळाला असं त्याला वाटतं.

भलतीकडे करताना सापडलं तर "ए!" म्हणून उचला आणि जागेवर न्या. नंतर दिसलं तर गुपचूप पुसा. नाक घासल्याने पिल्लू एवढंच शिकतं की माणसासमोर शू करणं धोक्याचं, आणि मग ते सोफ्यामागे जाऊन करतं.

पुसायला फिनेल वापरू नका. वास तात्पुरता दबतो आणि चाटलं तर ते विषारी. आधी कागदाने टिपून घ्या, मग एन्झाइम क्लीनर (शूचा वास मुळातून घालवणारं पाळीव प्राण्यांसाठीचं द्रावण) किंवा पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं. शहाबादी किंवा संगमरवरी फरशीवर व्हिनेगर नको, दगड खातो तो.

तीन दिवस कोरडे गेले म्हणून पाहरा सैल केला की गाडी पुन्हा मूळपदावर येते. पूर्ण भरवसा पाच-सहा महिन्यांपर्यंत धरू नका.

सारखं चावतं. रागीट आहे का?

नाही, पिल्लू आहे. २८ दुधाचे दात, तेही सुईसारखे. चार ते सहा महिन्यांत ते पडून ४२ पक्के येतात, तोवर हिरड्या शिवशिवत असतात. चावलं की हात झटकू नका, झटकलेला हात त्याला पळणारं सावज वाटतो. हात सैल सोडा, उठून वीस सेकंद पाठ फिरवा, मग चावायला खेळणं द्या. ओलं फडकं पिळून फ्रीजरमध्ये कडक केलं की हिरड्यांना बरं वाटतं. जुनी चप्पल देऊ नका, नवी-जुनी त्याला कळत नाही. संध्याकाळी सात-आठला अचानक पिसाटलं तर बहुधा झोप अनावर झालेली असते, कोपऱ्यात नेऊन निजवा.

पिल्लाचे दात लागले, रक्त आलं. इंजेक्शन घ्यावं का?

आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. मग डॉक्टरांना दाखवा. पिल्लू रस्त्यावरून आलेलं असेल किंवा रेबीजची लस व्हायची असेल तर टाळाटाळ नको, पिल्लांनाही रेबीज होतो. महापालिकेच्या रुग्णालयांत ही लस मिळते.

जंताचं औषध किती वेळा?

तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, पुढे तीन महिन्यांनी. बरीच पिल्लं आईच्या पोटातूनच जंत घेऊन येतात. औषधानंतर शीत शेवयांसारखे जंत पडले तर घाबरू नका. डोस त्या दिवशीच्या वजनावर, मागच्या महिन्याच्या नाही.

गोचीड दिसली. काय करू?

पुण्यात गोचीडतापाचे रुग्ण वर्षभर असतात, त्यामुळे एकसुद्धा गोचीड किरकोळ समजू नका. बारीक चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढा. पिळू नका, नखांनी चिरडू नका, रॉकेल ओतू नका. काढलेली गोचीड स्पिरिटमध्ये टाका. रोज कानाच्या आत, पट्ट्याखाली, काखेत आणि बोटांच्या बेचक्यांत बघा.

अंगावर दिसतात त्या थोड्याच. बाकीच्या पलंगाच्या सांध्यांत, दाराच्या चौकटीत, भिंतीच्या चिरांत असतात. एक मादी हजारो अंडी घालते, म्हणून नुसतं पिल्लावर औषध लावून संपत नाही. अंथरूण गरम पाण्यात धुवा, फटी व्हॅक्यूम करा, चिरा बुजवा. घरात फवारणी करणार असाल तर पिल्लू दिवसभर बाहेर ठेवा. पिल्लासाठी स्प्रे, मानेवरचे थेंब, गोळ्या असं सगळं मिळतं, पण खोक्यावरचं किमान वय आणि वजन वाचा. मोठ्या कुत्र्याची गोळी तोडून देऊ नका. कॉली जातीच्या किंवा तिच्या संकराच्या पिल्लाला आयव्हरमेक्टिन (जंत, गोचीड यांवरचं औषध) देण्याआधी डॉक्टरांना जात आवर्जून सांगा, त्यांच्यात ते मेंदूपर्यंत पोचतं.

ताप, फिकट हिरड्या, गडद शू, नाकातून रक्त यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासा.

अंघोळ कधीपासून?

महिन्या-दोन महिन्यांतून एकदा पुरते. लसीच्या दिवसांत ओल्या फडक्याने पुसा. माणसांचा शाम्पू नको. पावसाळ्यात बाहेरून आल्यावर पंजे कोरडे करणं अंघोळीपेक्षा महत्त्वाचं.

पुण्याच्या उन्हाळ्यात हस्की राहील का? आम्ही एसी लावू.

राहील, पण त्याचं आयुष्य एसीच्या खोलीत जाईल आणि वीज गेली की तुमची धावपळ होईल. आमचं मत: आणू नका. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या जातींनाही एप्रिल-मे जड जातो. कोणतंही पिल्लू असो, सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतरच बाहेर. रस्त्यावर हाताची उलटी बाजू पाच सेकंद टेकवता येत नसेल तर पंजेही भाजतील.

गणपतीत ढोल, दिवाळीत फटाके. आतापासून काय करता येईल?

मोबाइलवर ढोल-ताशाचा आवाज जेमतेम ऐकू येईल इतका लावा आणि त्याच वेळी जेवायला द्या. तीन-चार दिवसांनी आवाज किंचित वाढवा. पिल्लाने खाणं थांबवलं तर वाढवण्याची घाई झाली, मागे या. मिरवणुकीला मात्र नेऊ नका. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतल्याने भीती वाढत नाही, खुशाल जवळ घ्या.

रात्री-अपरात्री दवाखाना गाठावा असं काय असतं?

रक्ताचे, उग्र वासाचे जुलाब. पाणीही टिकत नाही अशा उलट्या. पांढऱ्या पडलेल्या हिरड्या. झटके. विष खाल्ल्याचा संशय, तेव्हा पाकीट बरोबर न्या आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय उलटी करवू नका. पिल्लाचं तापमान गुदद्वारात मोजलं तर १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, १०४ च्या वर गेलं की थांबू नका. चिमुकल्या जातीचं पिल्लू उपाशी राहून लुळं पडलं तर हिरड्यांना मध चोळा आणि निघा. पावसाळ्यात भेक तोंडात धरला आणि लाळ गळायला लागली तर नळीने तोंड बाजूने धुवा, पाणी घशात जाऊ देऊ नका. चोवीस तास चालू असलेल्या जवळच्या दवाखान्याचा नंबर आजच फोनमध्ये ठेवा.

परवाना लागतो का? आणि सोसायटी म्हणते, कुत्रा चालणार नाही.

पुणे महापालिकेचा श्वान परवाना घ्यावा लागतो आणि त्याचं नूतनीकरण करावं लागतं. रेबीजच्या लसीचा दाखला हाताशी ठेवा. सोसायटीला सर्वसाधारण सभेत ठराव करून पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट आहे, लिफ्ट वापरू न देणं किंवा त्याचे वेगळे पैसे मागणंही त्यात बसत नाही. सचिवांना भेटायला जाताना त्या सूचनांची प्रत, परवाना आणि लसीच्या कार्डाची झेरॉक्स न्या. शी उचलायची पिशवी खिशात ठेवा, पट्टा आखूड धरा, आणि लिफ्टमध्ये कुणी दचकलं तर पुढच्या फेरीने जा.